दैवी कृपा आणि माणसाचं इच्छास्वातंत्र्य: कॅथलिक वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात वाद कशावरून आहे?

कॅथलिक श्रद्धेत तीन गोष्टी एकत्र मान्य कराव्या लागतात. पहिली: तारणाच्या दिशेनं माणसाचं पहिलं पाऊलसुद्धा देवाच्या कृपेशिवाय पडत नाही. दुसरी: माणूस त्या कृपेला खराखुरा होकार देतो आणि नकारही देऊ शकतो. तिसरी: कोण तारला जाणार हे देवाला अनादी काळापासून ठाऊक आहे आणि त्याची योजना फसत नाही.

सुटी घेतली तर यातल्या कशालाही कुणाची हरकत नसते. तिन्ही शेजारी ठेवली की खरा प्रश्न उभा राहतो. दोन माणसांना कृपा मिळते, एक पश्चात्ताप करतो, दुसरा करत नाही. हा फरक कशानं पडला? ‘देवामुळे’ म्हणावं, तर दुसऱ्याचा दोष काय? ‘माणसामुळे’ म्हणावं, तर ज्यानं होकार दिला त्याच्याकडे देवाकडून न मिळालेलं असं काहीतरी स्वतःचं होतं, असं ठरतं. आणि तुझ्याजवळ जे आहे ते सगळं तुला मिळालेलंच आहे, असं पौल करिंथकरांना बजावतो (१ करिंथ ४:७). पुढचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

‘कृपा’ म्हणजे नेमकी कोणती कृपा?

इथे गल्लत झाली तर पुढचं काहीच नीट लागत नाही. एक आहे पावन करणारी कृपा. ही आत्म्याची टिकून राहणारी अवस्था. ती बाप्तिस्म्यात मिळते, गंभीर पापानं जाते आणि प्रायश्चित्त संस्कारात परत मिळते. दुसरी साहाय्यक कृपा. ही त्या त्या क्षणापुरती मदत असते: बुद्धीला मिळणारा प्रकाश आणि इच्छेला मिळणारी चालना. सोळाव्या-सतराव्या शतकातला वाद जवळपास सगळा या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

साहाय्यक कृपेचे आणखी दोन भाग पाडतात. जिच्यामुळे माणसाला सत्कृत्य करणं शक्य होतं ती पर्याप्त कृपा. जिच्यामुळे ते कृत्य प्रत्यक्ष घडतंच ती परिणामकारक कृपा. दोन्ही असतात हे सर्व कॅथलिक पंथांना मान्य आहे. एक दुसरीपेक्षा वेगळी कशामुळे ठरते, यावर भांडण आहे.

ख्रिस्तसभेनं पक्कं काय ठरवलं आहे?

दोन्ही बाजूंच्या कडा आखून दिल्या आहेत. पेलागियस या पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या धर्मशिक्षकाच्या बाजूची कड आधी आखली गेली. माणूस स्वतःच्या बळावर, केवळ चांगलं उदाहरण आणि नियमशास्त्र यांच्या आधारे पापमुक्त जगू शकतो, हे मत ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेनं नाकारलं. त्यामागे उत्तर आफ्रिकेतला बिशप आणि धर्मविचारवंत ऑगस्टीन याचा मोठा वाटा होता. मग दक्षिण गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) एक मवाळ मत पुढे आलं: कृपा हवीच, पण विश्वासाची अगदी पहिली सुरुवात माणूस स्वतः करतो. ५२९ मध्ये आर्लचा बिशप सीझेरियस याच्या पुढाकारानं ऑरेंज इथे भरलेल्या सभेनं तेही फेटाळलं. पहिली ओढसुद्धा कृपेची, असं ठरलं. याच सभेनं देव कुणाला दुष्टतेसाठी नेमून ठेवतो या कल्पनेचाही धिक्कार केला. ५३१ मध्ये पोप बोनिफेस दुसरे यांनी या निर्णयांना मान्यता दिली. (ऑरेंजचे हे निर्णय नंतर कित्येक शतकं विद्वानांच्या नजरेआड राहिले. मध्ययुगातले ग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवलं, तर तिथली काही ढिली वाक्यं समजून घेता येतात.)

दुसरी कड ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १३ जानेवारी १५४७ रोजी आखली. सहाव्या सत्रात नीतिमान ठरण्याविषयी काढलेल्या आदेशात १६ प्रकरणं आणि ३३ नियम आहेत. चौथा नियम सांगतो की देवानं हलवलेली, जागी केलेली इच्छा निर्जीव वस्तूसारखी निष्क्रिय नसते. तिला वाटलं तर ती असहमती दाखवू शकते. पाचवा नियम म्हणतो की आदामाच्या पापानंतर इच्छास्वातंत्र्य नष्ट झालेलं नाही. देव जसं सत्कृत्य घडवतो तसंच पापही घडवतो, हे मत सहावा नियम नाकारतो. पाचव्या प्रकरणात परिषदेनं दोन वचनं शेजारी ठेवली आहेत: ‘माझ्याकडे वळा’ (जखऱ्या १:३) ही माणसाच्या स्वातंत्र्याची आठवण, आणि ‘आम्हाला तुझ्याकडे वळव’ (विलापगीत ५:२१) ही कृपेच्या अग्रक्रमाची कबुली. संपूर्ण आदेश वाचायला वेळ नसेल तर निदान हे एक प्रकरण वाचाच.

या दोन कडांच्या मधली जागा मोकळी आहे. ती मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे.

माझं वाक्य या कडांच्या आत आहे का, हे कसं तपासू?

प्रवचन किंवा धर्मशिक्षणाचा धडा लिहिताना चार प्रश्न क्रमानं विचारा.

१. पहिली हालचाल कुणाची? ‘तू एक पाऊल टाक, देव दहा टाकेल’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. हुरूप देण्यासाठी ते ठीक वाटतं, पण शब्दशः घेतलं तर ऑरेंजनं नाकारलेलंच मत आहे. ‘तू टाकतोस ते पहिलं पाऊलही त्यानंच दिलेल्या बळानं पडतं’ अशी दुरुस्ती करा.

२. नकाराला जागा आहे का? ‘देवानं ठरवलंय, आता माझ्या हातात काहीच नाही’ हे ट्रेंटच्या चौथ्या नियमात बसत नाही.

३. पापाचं कर्तृत्व देवाकडे जातंय का? जात असेल तर वाक्य खोडा.

४. कृपा मोजक्या लोकांपुरती उरते का? देवाची इच्छा सर्वांचं तारण व्हावं अशी आहे (१ तीमथ्य २:४), आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे अर्धी कृपा, अर्धा माणूस अशी वाटणी. मध्ययुगातला थोर धर्मविचारवंत थॉमस अक्वायनस याच्या मते एकच कृत्य संपूर्णपणे देवाचं आणि संपूर्णपणे माणसाचं असतं. देव पहिलं कारण, माणूस दुय्यम कारण. दोघं मिळून होडी ओढणाऱ्या माणसांचा दाखला मोलिनानं (त्याच्याविषयी पुढे येतंच) दिला आहे खरा, पण परिणाम मात्र अखंड असतो, त्याचे तुकडे पडत नाहीत, हे त्यानंही स्पष्ट केलं आहे.

बान्येझ आणि मोलिना कोण होते?

दोघेही स्पॅनिश, दोघेही मुरलेले प्राध्यापक. दोमिंगो बान्येझ (१५२८–१६०४) डॉमिनिकन या धर्मसंघाचा होता, सालामांका विद्यापीठात शिकवत असे आणि आव्हिलाच्या संत तेरेसाचा पापनिवेदक, म्हणजे पापांची कबुली ऐकणारा धर्मगुरू, होता. लुईस दे मोलिना (१५३५–१६००) जेज्विट या दुसऱ्या धर्मसंघाचा. त्याचं शिक्षण पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथे झालं आणि अध्यापन प्रामुख्यानं एव्होरा इथे. त्याचा ‘कॉन्कॉर्दिया’ हा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बनला छापला गेला. इच्छास्वातंत्र्य आणि कृपेची देणगी, ईश्वरी पूर्वज्ञान, योजना, पूर्वनियुक्ती (कोण तारला जाणार हे देवानं आधीच ठरवणं) यांचा मेळ घालणं हा त्याचा विषय. रचनेनं तो अक्वायनसच्या ‘सुम्मा’ या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या काही कलमांवरचा भाष्यग्रंथ आहे, म्हणूनच डॉमिनिकनांना तो अधिक झोंबला.

बान्येझचं म्हणणं थोडक्यात काय?

कोणतंही निर्मित कारण देवानं आधी चालवल्याशिवाय चालत नाही. इच्छाही निर्मितच आहे. म्हणून प्रत्येक सत्कृत्याआधी (काळानं नव्हे, कारणक्रमानं आधी) देव इच्छेला चालना देतो. हिला पूर्वचालना म्हणतात. ही चालना स्वतःच्याच सामर्थ्यानं परिणामकारक असते. ती मिळाली की माणूस होकार देतोच. आणि तरीही तो होकार मुक्त असतो, कारण देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावानुसार चालवतो. जडाला तो जडासारखं हलवतो आणि मुक्त इच्छेला मुक्तपणे.

मग ट्रेंट म्हणतं त्या ‘असहमती दाखवू शकते’चं काय? थॉमिस्ट (थॉमस अक्वायनसच्या परंपरेतले, बान्येझच्या बाजूचे) इथे संयुक्त अर्थ आणि विभक्त अर्थ असा भेद करतात. बसलेला माणूस उभा राहू शकतो, हे विभक्त अर्थानं खरं: बसलेला असतानाही उभं राहण्याची शक्ती त्याच्यात आहे. बसलेला असतानाच तो उभाही आहे, हे संयुक्त अर्थानं अशक्य. तसंच परिणामकारक कृपेखाली असलेल्या माणसात नकाराची शक्ती शाबूत असते, पण ती कृपा आणि प्रत्यक्ष नकार एकत्र येत नाहीत.

कमकुवत बाजू दोन. एक, पर्याप्त कृपा पुरेशी कशी म्हणायची, जर कृत्य घडायला नेहमीच आणखी एक वेगळी कृपा लागते? दोन, ज्याला ती दुसरी कृपा मिळालीच नाही त्याला जबाबदार कसं धरायचं? बान्येझचं उत्तर असं: पापकृत्यात जेवढं अस्तित्व आहे तेवढं देवाकडून, आणि त्यातली उणीव माणसाकडून, देव ती उणीव घडवत नाही, घडू देतो. विचार प्रामाणिक आहे, पण वाचकाचं समाधान इथे बहुधा होत नाही, आणि तसं कबूल करण्यात काही गैर नाही.

मोलिनाचं ‘मध्यज्ञान’ टप्प्याटप्प्यानं सांगाल का?

देवाच्या ज्ञानात काळाचे टप्पे नसतात. खालचा क्रम फक्त तर्काचा आहे. हे विसरलं की मोलिनाचा देव आधी चाचपणी करून मग निर्णय घेणारा वाटू लागतो, आणि ती त्याच्यावर अन्याय करणारी समजूत आहे.

पहिलं, स्वाभाविक ज्ञान: काय काय शक्य आहे आणि काय अटळ आहे, हे देव जाणतो. दुसरं, मध्यज्ञान: अमुक माणूस अमुक परिस्थितीत, अमुक कृपा मिळाली असता, मुक्तपणे काय करेल, हेही तो जाणतो, आणि हे तो निर्मितीचा कोणताही निर्णय करण्याआधी जाणतो. मग निर्णय: शक्य असलेल्या अनेक जगांपैकी एक जग, त्यातल्या सर्व परिस्थिती आणि कृपांसह, देव स्वेच्छेनं निवडतो. शेवटी मुक्त ज्ञान: म्हणून प्रत्यक्षात काय घडेल, ते देव जाणतो.

याचा फायदा असा की कृपा स्वतःहून इच्छेला एका बाजूला बांधून टाकत नाही. तीच कृपा होकार मिळाला की परिणामकारक ठरते, नकार मिळाला की पर्याप्त राहते. तरीही योजना फसत नाही, कारण देवानं सगळं जाणूनच हे जग निवडलं.

शास्त्राधार म्हणून दोन उतारे दिले जातात. १ शमुवेल २३ मध्ये दावीद विचारतो, कईलाचे लोक मला शौलाच्या हाती देतील का? देव ‘देतील’ म्हणतो, दावीद निघून जातो आणि ते घडत नाही. मत्तय ११:२१ मध्ये येशू म्हणतो की हीच कृत्यं सोर आणि सीदोन इथे झाली असती तर तिथल्या लोकांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. देवाला ‘झालं असतं तर’ हे ज्ञान आहे, एवढं यातून निघतं. पण ते ज्ञान त्याच्या निर्णयाच्या आधीचं आहे की नंतरचं, हे या उताऱ्यांवरून ठरत नाही, आणि नेमका वाद तिथेच आहे. निबंधात हे उतारे निर्णायक पुरावा म्हणून ठेवू नका.

मग मोलिनाची अडचण कुठे?

‘हा माणूस त्या परिस्थितीत होकार देईल’ हे विधान खरं कशामुळे आहे? माणूस अजून निर्माण झालेला नाही, म्हणून त्याच्यामुळे नाही. देवानं तसं ठरवलं म्हणूनही नाही, कारण मग बान्येझचंच म्हणणं मान्य होतं. थॉमिस्टांचा हा आक्षेप आजही तत्त्वज्ञानाच्या विभागांत जसाच्या तसा चर्चिला जातो. दुसरी अडचण अशी की देवाचं ज्ञान कुठेतरी निर्मितीवर अवलंबून राहतं की काय, अशी शंका येते. आणि मूळ प्रश्न पूर्ण सुटतही नाही: ज्या जगात येशूला धरून देणारा यहूदा पश्चात्ताप करतो ते जग देवानं का निवडलं नाही? मोलिनाही इथे शेवटी देवाच्या स्वतंत्र, अनाकलनीय इच्छेकडेच बोट दाखवतो.

अनुरूपतावाद म्हणजे काय?

जेज्विटांचीच सुधारित मांडणी. फ्रान्सिस्को सुआरेझ आणि रॉबर्ट बेलार्मिन यांच्या मते देव आधी माणसाची निवड करतो आणि मग मध्यज्ञानाच्या आधारे, ज्या वेळी ज्या मनःस्थितीला जी कृपा लागू पडेल ती देतो. कृपा इच्छेला बांधत नाही, पण तिला नेमकी जुळते. १६१३ मध्ये जेज्विटांचे महाप्रमुख क्लाउदिओ अक्वाविवा यांनी संघातल्या प्राध्यापकांना हीच दिशा घालून दिली.

पोपनी निकाल कुणाच्या बाजूनं दिला?

कुणाच्याच नाही. पाठ्यपुस्तकांत या जागी सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून क्रम नीट देत आहोत.

१५९४ मध्ये व्हायादोलिद इथे दोन्ही संघांच्या जाहीर वादविवादांमुळे प्रकरण चिघळलं आणि रोमकडे गेलं. क्लेमेंट आठवे यांनी नेमलेल्या आयोगाचं काम १५९८ मध्ये सुरू झालं. कृपेच्या साहाय्यांविषयीचा आयोग, ‘दे आउक्झिलीइस’, म्हणून तो ओळखला जातो. आयोगानं एकापेक्षा जास्त वेळा मोलिनाच्या विधानांचा निषेध करण्याची शिफारस केली, पण पोपनी ती जाहीर केली नाही. १६०२ पासून ते स्वतः समोर बसून वाद ऐकू लागले. डॉमिनिकनांकडून दिएगो आल्व्हारेझ आणि तोमास दे लेमोस, जेज्विटांकडून आधी ग्रेगोरियो दे व्हालेंसिया आणि नंतर इतर. अशा ६८ बैठका झाल्या. मार्च १६०५ मध्ये पोप वारले. पॉल पाचवे यांच्यासमोर आणखी १७ झाल्या.

२८ ऑगस्ट १६०७ रोजी, संत ऑगस्टीनच्या सणाच्या दिवशी, पॉल पाचवे यांनी कार्डिनलांचं मत घेतलं आणि चर्चा थांबवली. आदेश असा: दोन्ही संघांनी आपापलं मत शिकवावं, दुसऱ्याच्या मताला निषेधाचा शिक्का मारू नये, निर्णय योग्य वेळी दिला जाईल. म्हणजे बान्येझला कॅल्व्हिनवादी (सगळं देवच ठरवतो असं मानणाऱ्या प्रोटेस्टंटांसारखा) म्हणायचं नाही आणि मोलिनाला पेलागियन म्हणायचं नाही. तो निर्णय आजवर दिलेला नाही. १६११ मध्ये तर या विषयावर परवानगीशिवाय काही छापण्यावरही बंदी आली. १७४८ मध्ये बेनेडिक्ट चौदावे यांनी स्पेनच्या मुख्य धर्मन्यायाधीशाला कळवलं की थॉमिस्ट, ऑगस्टीनियन आणि मोलिनावादी या तिन्ही मतांना मोकळीक आहे.

निकाल न देणं हा अनेकांना भित्रेपणा वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. दोन्ही बाजू ऑरेंज आणि ट्रेंट मान्य करत होत्या. शिल्लक राहिलेला फरक श्रद्धेचा नव्हता, तो स्पष्टीकरणाचा होता. स्पष्टीकरणाला श्रद्धेचा दर्जा देऊन टाकला असता तर पुढच्या पिढ्यांच्या विचाराची वाट बंद झाली असती.

यान्सेनवाद्यांचा निषेध झाला, मग थॉमिस्टांचा का नाही?

वरवर दोघांचं बोलणं सारखं वाटतं, कारण दोघेही स्वतःच्या सामर्थ्यानं परिणामकारक असलेल्या कृपेविषयी बोलतात. फरक बारकाव्यात आहे. यान्सेनवादी ज्याचे अनुयायी त्या कॉर्नेलियस यान्सेनचा ‘ऑगस्टिनस’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, ल्यूव्हेनला प्रसिद्ध झाला. ३१ मे १६५३ रोजी इनोसंट दहावे यांनी पाच विधानं नाकारली. सारांश असा: नीतिमान माणसालाही, त्यानं झटून प्रयत्न केला तरी, काही आज्ञा पाळणं अशक्य असतं, पतित अवस्थेत आंतरिक कृपेला कधी विरोध होतच नाही, पुण्यासाठी बाह्य जबरदस्ती नसली की पुरे, आंतरिक अपरिहार्यता चालते, कृपेला विरोध शक्य मानणं हाच अर्धपेलागियनांचा (ऑरेंजनं नाकारलेलं मवाळ मत मानणाऱ्यांचा) पाखंड, आणि ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणणं हेही अर्धपेलागियन आहे.

यातलं तिसरं विधान लक्षात ठेवा. थॉमिस्ट म्हणतात की कृपेखालीही नकाराची शक्ती खरोखर उरते. यान्सेनवादी म्हणतात ती उरायची गरज नाही. शिवाय थॉमिस्टांना सर्वांसाठी पर्याप्त कृपा मान्य आहे. या दोन मुद्द्यांवर एक मत कडेच्या आत राहतं आणि दुसरं बाहेर जातं.

सगळं ठरलेलंच असेल तर प्रार्थना कशाला?

अक्वायनसचं उत्तर दोन्ही पंथांना चालतं: देव फक्त शेवट नेमत नाही, तिथवर नेणारी साधनंही नेमतो, आणि प्रार्थना त्यांपैकी एक आहे (‘सुम्मा’, भाग १, प्रश्न २३, कलम ८). देवाचा बेत बदलावा म्हणून आपण प्रार्थना करत नाही. प्रार्थनेतून द्यायचं त्यानं ठरवलेलं आपल्याला मिळावं, म्हणून करतो.

मी कृपेत आहे की नाही, हे मला कळू शकतं का?

श्रद्धेच्या खात्रीनं, चुकीला वावच न ठेवता, नाही. ट्रेंटच्या नवव्या प्रकरणात हे स्पष्ट आहे, आणि शेवटपर्यंत टिकून राहण्याविषयीची पूर्ण खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय मिळत नाही, असं सोळावा नियम सांगतो. १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला न्यायाधीशांनी हाच प्रश्न टाकला होता. तिचं उत्तर आज ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २००५) आहे: मी कृपेत नसेन तर देव मला तिथे ठेवो, असेन तर तिथेच राखो. ज्यांना ‘माझं नाव यादीत आहे का’ या शंकेनं झोप लागत नाही, त्यांनी पूर्वनियुक्तीवरचे ग्रंथ वाचू नयेत. पापनिवेदकाकडे जावं आणि आजचं कर्तव्य करावं.

हे प्रारब्धासारखंच झालं की नाही?

नाही. प्रारब्ध म्हणजे आपल्याच आधीच्या कर्मांचं फळ. कॅथलिक शिकवणीत पहिली कृपा कोणत्याही कर्माचं फळ नसते; तशी असती तर ती कृपाच राहिली नसती. पुण्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तीही कृपेच्याच आधारानं.

या वादाशी आपल्याकडचा काही संबंध?

थेट थोडाच. वादातले दोन्ही संघ सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्यात काम करत होते. मोलिना जिथे शिकला त्या कोइंब्राच्या जेज्विट महाविद्यालयातूनच अनेक मिशनरी इकडे येत. रोममध्ये वाद चालू असताना गोव्यात असलेला जेज्विट थॉमस स्टीफन्स याचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं.

प्रोटेस्टंटांशी हा मतभेद अजून आहे का?

काही अंशी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारणासाठी माणूस पूर्णपणे कृपेवर अवलंबून आहे, हे त्यात दोघांनी एकत्र म्हटलं. पुढे कॅथलिकांनी माणसाच्या सहकार्याविषयी आणि लूथरनांनी त्याच्या अक्षमतेविषयी आपापलं म्हणणं वेगळं मांडलं आहे. परिच्छेद १९ ते २१ शेजारी ठेवून वाचले की फरक कुठे उरला ते दिसतं.

वाचायला सुरुवात कुठून करू?

मोलिनापासून नको. आधी रोमकरांस पत्राचा नववा अध्याय आणि फिलिप्पैकरांस २:१२–१३. मग ट्रेंटचं सहावं सत्र पूर्ण, नियमांसह. नुसते नियम वाचले तर परिषद फक्त नकार देते असं वाटतं. त्यानंतर ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धातले प्रश्न १०९ ते ११४. तिथवर पोचल्यावर ‘कॉन्कॉर्दिया’चा चौथा भाग, त्यातही मध्यज्ञानावरचा ५२ वा वाद. प्रत्येक पान वाचताना समासात एक खूण करत चला: हे विधान ख्रिस्तसभेचं, की पंथाचं, की फक्त त्या लेखकाचं?